प्रकल्प अहवाल रद्दीत जाता कामा नयेत

जुन्नर, ओतूर, मंचर, घोडेगाव या गावांतल्या महाविद्यालयांत पदव्युत्तर वर्ग भरतात. नव्या शैक्षणिक धोरणानुसार 2023-24 पासून राज्यातल्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना संशोधन प्रकल्प करावा लागतो. तोंडी परीक्षा झाली की अनेक ठिकाणी तो अहवाल कपाटात जातो आणि काही वर्षांनी रद्दीत. हे अहवाल जपून सर्वांसाठी खुले करावेत, असे म्हटले की काही आक्षेप हमखास येतात.

पहिला आक्षेप असा, की विद्यार्थ्यांचे काम कच्चे असते. निष्कर्ष कच्चे असतीलही. पण यंदाच्या उन्हाळ्यात मोजलेली विहिरीची पातळी दहा वर्षांनी कोणालाच पुन्हा मोजता येणार नाही. कुकडीकाठच्या बोरी गावात सापडलेली ज्वालामुखीची राख सुमारे 75 हजार वर्षांपूर्वीच्या टोबा ज्वालामुखीच्या उद्रेकाची, की त्याहून कितीतरी जुनी, यावर अभ्यासकांत दीर्घ वाद झाला. निष्कर्ष बदलतात, पुढच्या अभ्यासकाला आधार लागतो तो नोंदींचाच.

दुसरा आक्षेप चोरीचा. पण कपाटात बंद असलेल्या अहवालाची नक्कल झाली, तर ती पकडणार कोण? जो अहवाल सर्वांना दिसतो, त्याचीच चोरी उघडी पडते.

तिसरा आक्षेप: प्रबंधांचा राष्ट्रीय ऑनलाइन संग्रह ‘शोधगंगा’ आहेच की! पण विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2009 च्या नियमांनी तिथे जमा करण्याची सक्ती आली ती एम.फिल. आणि पीएच.डी.च्या प्रबंधांसाठी. एम.ए., एम.कॉम., एम.एस्सी.चे प्रकल्प त्या सक्तीत येत नाहीत. पैशांची सबबही टिकत नाही, कारण ‘डीस्पेस’सारखी संग्रहप्रणाली विनामूल्य मिळते.

आता नोंदी जपल्याने काय साधते ते पाहू. जुन्नर वनविभागात 2001 पासून बिबटे मोठ्या संख्येने पकडून दुसरीकडे सोडले गेले. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी हल्ल्यांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा या उपायानंतर माणसांवरील हल्ले वाढल्याचे दिसले. 2011 मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. नोंदी नसत्या, तर उपाय चुकला हे सिद्धच झाले नसते. जुन्नर तालुक्यातल्या खोडदच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीची निरीक्षणेही संग्रहात राहतात आणि ठरावीक मुदतीनंतर इतर संशोधकांना खुली होतात. याच तालुक्यात आकाशाच्या नोंदी जपल्या जातात. मग हिरडा गोळा करणाऱ्या महादेव कोळ्यांच्या, डिंभे धरणाच्या विस्थापितांच्या आणि दरड कोसळलेल्या माळीणच्या डोंगरउतारांच्या नोंदी का जपू नयेत?

त्यासाठी चार नियम पुरेत. गुण देण्याआधी अहवालासोबत प्रश्नावल्या, मोजमापे आणि मराठी सारांश जमा व्हावा. माहिती देणाऱ्यांची नावे झाकावीत. नवा विषय मंजूर करताना त्यावरचे जुने अहवाल वाचल्याची खात्री विभागाने करावी. ज्या गावाचा अभ्यास झाला, त्या ग्रामपंचायतीला सारांशाची प्रत द्यावी.

गावकऱ्यांनी आपला वेळ मोडून उत्तरे दिलेली असतात. ती रद्दीत घालण्याचा अधिकार कोणत्याही विभागाला नाही. विभागप्रमुखांनी विद्यापीठाच्या आदेशाची वाट पाहू नये. याच वर्षीच्या अहवालांपासून सुरुवात करावी.