नावेतून दिसणारा किनारा
चैत्रातल्या निरभ्र रात्री आठाच्या सुमारास गच्चीवर पाय न हलवता उभे राहावे आणि पश्चिमेकडे उतरलेल्या मृगाच्या बाणातील एखादा तारा शेजारच्या भिंतीच्या कडेला अगदी टेकलेला पाहावा, तो पाच मिनिटे लोटण्यापूर्वीच भिंतीआड होतो. आणि दुसऱ्या रात्री तोच तारा त्याच कडेमागे सुमारे चार मिनिटे आधी जातो. चालतो तो तारा नव्हे, चालतो आपण, हे नावेतून मागे सरकणाऱ्या किनाऱ्याचा दृष्टांत देऊन आर्यभटाने इ. स. ४९९ मध्येच सांगून ठेवले. ताऱ्यांच्या अपेक्षेने पृथ्वीची एक फेरी २३ तास ५६ मिनिटांत पुरी होते. परंतु तेवढ्या अवधीत ती सूर्याभोवतीही पुढे सरकलेली असल्यामुळे, सूर्य पुन्हा माथ्यावर येण्यास आणखी चार मिनिटे लागतात, आणि आपली घड्याळे सूर्याची ताबेदार आहेत.

आमची मुले ‘पृथ्वी स्वतःभोवती फिरते’ हे वाक्य बिनचूक लिहून गुण मिळवतात, पण तारा मावळताना त्यांनी पाहिलेला नसतो, याचे मला मनापासून दुःख होते. प्रत्येक शाळेने वर्षातून एक रात्र यासाठी मुक्रर करावी, आणि नगरपालिकेने त्या परिसरातील दिवे तासभर मालवण्याचा हुकूम काढावा. पुण्याच्या क्षितिजापासून साडेअठरा अंशांवर, म्हणजे हात लांब करून धरलेल्या दोन मुठींहून किंचित खाली, जवळजवळ अचल असा ध्रुव तेव्हा मुलांना सहज सापडेल.