थाळी वाजवली की बघतो!

दिवाळीच्या तोंडावर आमच्या दवाखान्यात दोनच रोग येतात: चकल्या खाऊन बसलेला घसा आणि फटाक्याने भाजलेला अंगठा. गेल्या वर्षी या गर्दीत एक आजीबाई सुनेला घेऊन नातवाच्या खोकल्यासाठी आल्या. पोर दीड वर्षाचे, गुटगुटीत. टेबलावरचा माझा स्टेथॉस्कोप त्याने केव्हा लांबवला तेही कळले नाही. औषध लिहून मी नेहमीचा प्रश्न टाकला, "बोलतो काय काय?"

आईने तोंड उघडायच्या आत आजी म्हणाल्या, "बोलेल हो! त्याचा बापही उशिराच बोलला. आता थांबतो का बघा!"

"ऐकू येतं ना?"

"न यायला काय झालं? थाळी वाजवली की लगेच बघतो."

या थाळीने मला एकदा चांगलेच फसवले आहे. पंचवीसेक वर्षांपूर्वी असेच एक पोर चार-पाच वेळा माझ्याकडे आले. कधी ताप, कधी जुलाब, कधी लस. दर वेळी आई दाराशी घुटमळून म्हणे, "डॉक्टर, हाक मारली तरी हा वळत नाही." आणि मी घड्याळाकडे बघत म्हणे, "होईल हो, मुलगे उशिराच बोलतात." तिसऱ्या वर्षी निदान झाले: जन्मापासून बहिरा. ती आई मला एका शब्दाने बोलली नाही. बोलली असती तर बरे झाले असते.

समोर थाळी वाजवली की पोर हात बघते. शिवाय बहिरे मूलही पहिले काही महिने इतरांसारखेच हुंकारते, मग हळूहळू गप्प होते. घरच्यांना उमगणार कसे? पहिल्या महिन्यात कान तपासावेत, तिसऱ्यापर्यंत निदान आणि सहाव्यापर्यंत उपचार सुरू व्हावेत, असे तज्ज्ञ सांगतात. पण कित्येक मुलांची ती तपासणी होतच नाही. मग उरतो कोण? खोकल्याचे औषध देणारा! आणि पाहायचे तरी किती? दोन महिन्यांचे बाळ आईकडे बघून हसते का, चौथ्यात मान धरते का, नवव्यात आधाराशिवाय बसते का, दीड वर्षापर्यंत चालते-बोलते का. वजनकाट्यावर ठेवता ठेवता होते हे. त्रिवेंद्रमच्या डॉक्टरांनी तर १९९१ साली यासाठी १७ कसोट्यांचा सुटसुटीत तक्ताच करून दिला.

असो. पोराला आईच्या मांडीवर बसवून मी मागे गेलो आणि किल्ल्यांचा जुडगा हळूच वाजवला. उजवीकडे, डावीकडे. आजी वळल्या, पोर वळले नाही. सर्दीने कान तुंबला असेल, आठवड्याने पाहू, असे मनात आले. पण म्हणजे पुन्हा तेच 'होईल हो'! कानाच्या डॉक्टरांना चिठ्ठी लिहिली.

आईने विचारले, "दिवाळीनंतर नेलं तर चालेल?"

"उद्या न्या."

परवा आजी आल्या त्या तक्रार घेऊनच. "डॉक्टर, तुमचं ते यंत्र कानाला लावल्यापासून कुकरची शिट्टी झाली की रडतं हो पोर!"