निर्देशांकाच्या पोत्यात आहे तरी काय?

गोंदियाच्या धानबाजारात व्यापारी पोत्यात सळी खुपसतो, मूठभर धान तळहातावर घेतो आणि त्या वानगीवरून सगळ्या मालाचा भाव करतो. शेअर बाजाराचा निर्देशांक हीदेखील वानगीच. मात्र ती कोणत्या पोत्यातून काढली, हे विचारण्याची जी दक्षता आपण बाजार समितीच्या आवारात घेतो, ती सायंकाळच्या बातम्यांत सेन्सेक्सचा आकडा ऐकताना घेत नाही.

'शेअर बाजाराशी आमचा काय संबंध?' असे म्हणणाऱ्यांचाही संबंध जडलेला आहे. ऑगस्ट २०१५ पासून कर्मचारी भविष्य निर्वाह निधी संघटना नव्या निधीचा काही भाग, आरंभी ५ टक्के आणि २०१७ पासून १५ टक्के, प्रामुख्याने निफ्टी व सेन्सेक्सबरहुकूम चालणाऱ्या ईटीएफमध्ये गुंतवत आली आहे. या निधीत खाते असलेली विडी कामगार भगिनी त्या अर्थाने निर्देशांकाची भागीदारच आहे!

सेन्सेक्समध्ये ३० कंपन्या, निफ्टीत ५०; खुल्या बाजारातील समभागांचे एकूण मूल्य जितके मोठे, तितका कंपनीचा भार अधिक. १८९६ पासूनचा अमेरिकेचा डाऊ जोन्स मात्र एका शेअरच्या भावावर भार ठरवतो. निर्देशांक फंड ही यादी जशीच्या तशी खरेदी करतो. निवडीची हुशारी नाही, म्हणून खर्चही कमी. जॉन बोगल यांनी १९७६ मध्ये सामान्य अमेरिकी गुंतवणूकदारासाठी हा मार्ग खुला केला. आपल्याकडचा पहिला ईटीएफ 'निफ्टी बीज' २००२ च्या आरंभी बाजारात नोंदला गेला.

आता जिल्ह्याच्या गावीही 'जागतिक' फंडांची शिफारस होते. परदेशी निर्देशांकात पैसा घालणे म्हणजे स्वदेशीशी द्रोह, असे आम्ही म्हणणार नाही. पण 'एमएससीआय वर्ल्ड' या भारदस्त नावाच्या निर्देशांकात भारत नाही, चीनही नाही. त्यात केवळ विकसित देश आहेत आणि दोन तृतीयांशाहून अधिक भार एकट्या अमेरिकेचा आहे. जपानच्या निक्केईने डिसेंबर १९८९ मध्ये गाठलेले शिखर ओलांडायला फेब्रुवारी २०२४ उजाडले. तिशीतला गुंतवणूकदार तोवर चौसष्टीला पोहोचला.

आणखी एक गाठ आपल्याकडची. परदेशी गुंतवणुकीची ७ अब्ज डॉलरची एकत्रित मर्यादा जवळ आल्याने २०२२ च्या आरंभी सेबीने म्युच्युअल फंडांना नवी रक्कम घेणे थांबवायला सांगितले. नंतर काही योजना अधूनमधून उघडल्या. पण परदेशी निर्देशांकांचे काही ईटीएफ बाजारात मूळ मालमत्तेच्या मूल्याहून चढ्या भावाने विकले गेले. हे दोन्ही आकडे रोज उपलब्ध असतात. खरेदीपूर्वी ते शेजारी मांडून पाहावेत.