‘तृतीय रत्न’ आपल्या मोहल्ल्यात

११ एप्रिलला बारामतीत फुले जयंतीनिमित्त काही मित्रांनी ‘तृतीय रत्न’चं वाचन ठेवलं होतं. इंदापूरहून आम्ही चौघे एसटीने गेलो. नाटकातला जोशी गरोदर कुणबिणीला ग्रहांची भीती घालतो, तिच्या नवऱ्याला खर्चात पाडतो आणि विदूषक त्याचं पितळ उघडं करतो. आम्ही पोट धरून हसलो.

परतताना मात्र मी गप्प होतो. गेल्या वर्षी माझ्या भाभीला सातव्या महिन्यात सारखी चक्कर यायची. एका बाबाने करणी-बंदिश सांगितली. तावीज, उतारा यात भाईजानचे अकरा हजार गेले, भाभीच्या कानातलं गहाण पडलं. शेवटी दवाखान्यात रक्त तपासलं, तर हिमोग्लोबिन सहा! नाटक तेच होतं, फक्त पात्राचा पोशाख बदलला होता. जोशावर हसणं सोपं जातं, कारण तो दुसऱ्यांचा असतो.

विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत ‘सीता स्वयंवर’ केलं. त्यानंतर बाराच वर्षांनी, १८५५ साली, अठ्ठावीस वर्षांच्या जोतीरावांनी देवादिकांना बाजूला ठेवून एका कुणबी जोडप्याला रंगमंचावर आणलं. दक्षिणा प्राइझ कमिटीने नाटक नाकारलं. ते छापून आलं १९७९ साली, म्हणजे १२४ वर्षांनी. मराठी नाटकाचा इतिहास तोवर त्याच्याशिवायच लिहून झाला होता.

आपण फुल्यांच्या पोस्टमध्ये गफ्फार बेग मुन्शींचं नाव अभिमानाने टाकतो. टाकावंच. जोतीरावांची शाळा सुटली होती, तेव्हा शेजारी राहणाऱ्या या उर्दू-फारसीच्या शिक्षकाने आणि लिजिट साहेबांनी गोविंदरावांची समजूत घातली आणि १८४१ साली मुलगा पुन्हा शाळेत गेला. पुढे घर सोडावं लागलं, तेव्हा उस्मान शेख यांनी आसरा दिला. सावित्रीबाईंच्या १० ऑक्टोबर १८५६ च्या पत्रात फातिमाचं नाव आहे. पण मुन्शींनी नेमकं काय केलं? शेजारच्या बापाचं दार ठोठावलं. आपल्या गल्लीत दहावीनंतर मुलगी घरी बसते, तेव्हा आपण किती दारं ठोठावतो?

काहीजण म्हणतील, नाटकात पाद्री आहे, हा मिशनऱ्यांचा प्रचार. मग शेवट वाचा. ते जोडपं चर्चमध्ये जात नाही, जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेत जातं. तृतीय रत्न म्हणजे तिसरा डोळा, विद्या.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. आजच्या वातावरणात घरची धुणी चारचौघांत कशाला धुवायची? लोक टपूनच बसलेत. ही भीती मी खोटी म्हणणार नाही. पण आपल्या गप्प बसण्याने टीका करणाऱ्यांचं तोंड बंद होत नाही, बाबाचा धंदा तेवढा चालू राहतो. आणि त्याची किंमत भाभीसारख्या बाया आपल्या रक्ताने मोजतात. हमीद दलवाईंची सगळी मतं पटोत न पटोत, १९७० साली त्यांनी मंडळाला ‘सत्यशोधक’ हे नाव दिलं, त्यामागे हाच आरसा होता.

म्हणून पुढच्या ११ एप्रिलला हे वाचन इंदापुरात, आपल्याच मोहल्ल्यात व्हावं. जोशाचे संवाद आपल्यातल्याच कुणीतरी म्हणावेत. भाभीला विचारलं, तर म्हणाली, “कुणबीण मी होते. पण त्या बाबालाही बोलवा, पुढच्या रांगेत बसवा.”