‘आज्या-पणज्या सोसत होत्या’: वेदनाशामक, गर्भवती आणि एक खोटा इतिहास

१/ धर्मापुरीच्या केदारेश्वर मंदिराची छायाचित्रे या धाग्याच्या वाचकांनी अनेकदा पाहिली असतील. उत्तर चालुक्यकालीन हे मंदिर बीड जिल्ह्यात आहे. त्याच्या बाह्य भिंतीवरील सुरसुंदरी इतक्या देखण्या आहेत की त्यांच्यापुढे उभा राहिलेला माणूस त्या काळातील सर्वच स्त्रियांना सुखी समजून परततो. दगडाला कळा येत नाहीत, हे तो विसरतो. हा विसर मंदिराच्या आवारापुरता राहिला असता तर त्यावर वाद घालण्याचे कारण नव्हते.

२/ २२ सप्टेंबर २०२५ रोजी अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी गर्भवतींना पॅरासिटामॉल टाळण्याचा आणि ताप-वेदना शक्य तेवढी सोसण्याचा सल्ला जाहीरपणे दिला. कारण सांगितले गेले स्वमग्नतेचे, म्हणजे ऑटिझमचे. तो सल्ला मराठीत उतरताना त्याला एक देशी शेपूट लागते: ‘आपल्या आज्या-पणज्या कुठे गोळ्या घेत होत्या? आपल्या परंपरेत बाईने सोसायचे असते.’ सल्ल्यातील वैद्यक तपासता येते आणि ते पुढे तपासलेही आहे. परंतु या शेपटातील इतिहास आधी तपासला पाहिजे, कारण तो समूळ खोटा आहे.

३/ पहिला दोष साधनांचा. पणजीने सोसले आणि सारे सुखरूप झाले, ही कथा सांगणारे सगळे त्या सुखरूप सुटलेल्या पणजीचे वंशज आहेत. जी बाळंतपणात गेली, जिचे मूल पोटातच गेले, तिची कथा सांगायला मागे कोणी राहिले नाही. वाचलेल्यांच्या आठवणींवरून साऱ्या पिढीचा निष्कर्ष काढणे म्हणजे युद्धाचा इतिहास केवळ परतलेल्या सैनिकांना विचारून लिहिणे होय. इतिहासाच्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही असे करणार नाही.

४/ दुसरा दोष अधिक गंभीर आहे. परंपरेच्या नावाने बोलणाऱ्यांनी परंपरा वाचलेली नाही. चरकसंहितेच्या शारीरस्थानातील आठव्या अध्यायात गर्भिणीच्या उपचारांचा विचार आहे. तिथे दिलेला दृष्टान्त विसरता येऊ नये असा आहे: काठोकाठ तेलाने भरलेले पात्र जसे हिंदकळू न देता न्यावे, तसे गर्भवतीला सांभाळावे. वमन, विरेचन, रक्तमोक्षण यांसारखे तीव्र उपाय टाळावेत. आणीबाणी आली तरच त्यांचा सौम्य पर्याय शोधावा. व्याधी झालीच तर मृदू, मधुर, शीत औषधांनी तिच्यावर उपचार करावेत. उपचार करावेत! सोसू द्यावे असे तिथे म्हटलेले नाही. प्राचीन वैद्याने विचारलेला प्रश्न आजच्या औषधशास्त्राचाच आहे: कोणते औषध, किती, कोणत्या महिन्यात?

५/ लोकव्यवहारातही सोसण्याचे व्रत कधी नव्हते. शेक, शेगडी, तेल-मालिश, बाळंतिणीसाठी कातबोळ, शेपा. घराघरांत उपायांची आरास होती. त्यातले काही हितकर, काही निरुपयोगी आणि काही घातक होते. ‘बाळगोळी’ हे गोड नाव धारण करणाऱ्या गोळीत अफू असे आणि मुंबईच्या गिरणगावात आई पाळीवर जाताना ती तान्ह्या मुलाला देऊन निजवी. ‘पूर्वी सारे नैसर्गिक होते’ असे सांगणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. अफूही निसर्गाचीच देणगी आहे.

६/ आनंदीबाई जोशी यांनी १८८६ मध्ये फिलाडेल्फियात एम.डी.साठी जो प्रबंध सादर केला, त्याचा विषयच आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हा होता. चौदाव्या वर्षी त्या आई झाल्या आणि ते मूल अवघे काही दिवस जगले. त्या अनुभवातून आलेल्या स्त्रीने जुन्या ग्रंथांकडे वळून उपचारांची परंपरा शोधली, हे सोसण्याची महती गाणाऱ्यांना अडचणीचे वाटावे.

७/ आता वैद्यकाकडे. भीतीच्या बाजूने नेहमी थॅलिडोमाइडचा दाखला येतो. तो खराच आहे: १९५७ मध्ये पश्चिम जर्मनीत बाजारात आलेले हे औषध १९६१ च्या अखेरीस मागे घेतले गेले, तोवर जगभर सुमारे दहा हजार मुले हातापायांतील व इतर गंभीर व्यंगांसह जन्मली होती. अमेरिकेत फ्रान्सिस केल्सी या अधिकारी स्त्रीने पुराव्याअभावी परवानगी अडवून धरली. तथापि थॅलिडोमाइड हे झोपेचे व मळमळीवरचे औषध म्हणून खपले, आणि केल्सींचा धडा ‘प्रत्येक गोळी विष आहे’ असा नव्हता. पुरावा दाखवा, एवढेच त्या म्हणत होत्या. हीच मागणी गोळीविरुद्ध बोलणाऱ्यांकडेही करता येते.

८/ पॅरासिटामॉलचा पुरावा काय सांगतो? काही अभ्यासांत गोळी घेणाऱ्या मातांच्या मुलांत स्वमग्नता किंचित अधिक आढळली, हे लपवण्याचे कारण नाही. २०२१ मध्ये काही शास्त्रज्ञांनी सावधगिरीचे जाहीर निवेदनही काढले होते. पण गोळी घेणारी आणि न घेणारी यांत फरक केवळ गोळीचा नसतो. पहिलीला ताप होता, अर्धशिशी होती, संसर्ग होता, आनुवंशिकता वेगळी होती. स्वीडनमधील संशोधकांनी १९९५ ते २०१९ या काळात जन्मलेल्या सुमारे २४ लाख ८० हजार मुलांच्या नोंदी तपासल्या आणि २०२४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. एकाच आईची दोन मुले, एकाच्या वेळी गोळी घेतलेली, दुसऱ्याच्या वेळी नाही, अशी तुलना करताच तो वाढीव धोका नाहीसा झाला. वॉशिंग्टनमधील घोषणेनंतर दोनच दिवसांत जागतिक आरोग्य संघटनेनेही असा संबंध निर्णायकपणे सिद्ध झालेला नसल्याचे स्पष्ट केले. उलट गर्भारपणाच्या आरंभी तीव्र ताप तसाच अंगावर काढणे गर्भाला बाधू शकते. म्हणून वैद्यांचा सल्ला आजही तोच आहे: गरज असेल तेव्हा, कमीत कमी मात्रेत, कमीत कमी दिवस आणि डॉक्टरांना विचारून.

९/ येथवर वाचून ‘मग गोळी निर्धोक आहे’ असा जयघोष करणाऱ्यांनी थांबावे. ‘गोळी’ नावाची एकच वस्तू नसते. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक, निमेसुलाइड ही निराळ्या कुळातील औषधे आहेत. ती शरीरातील प्रोस्टाग्लँडिनची निर्मिती रोखतात, हे जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये ॲस्पिरिनच्या संदर्भात दाखवले आणि १९८२ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. दुखणे वाढवणारे हेच द्रव्य गर्भाच्या हृदयाजवळची एक रक्तवाहिनी उघडी ठेवते आणि त्याच्या मूत्रपिंडाचे काम चालू ठेवते. म्हणून विसाव्या आठवड्यानंतर या गोळ्या टाळाव्यात, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० मध्ये दिला. गर्भजल घटण्याचा आणि ती वाहिनी अवेळी मिटण्याचा धोका खरा आहे. (रक्तदाबाच्या जोखमीसाठी डॉक्टर देतात ते अल्प मात्रेतील ॲस्पिरिन हा अपवाद, ते मनाने सुरू करू नये, मनाने बंदही करू नये.)

१०/ आणि आपल्याकडे ही दोन कुळे एकाच गोळीत नांदतात. कॉम्बिफ्लाममध्ये पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन दोन्ही असतात. ‘साधी अंगदुखीची गोळी’ म्हणून मागितलेल्या पट्टीत डायक्लोफेनॅक किंवा ॲसिक्लोफेनॅक असणे ही नित्याची गोष्ट आहे. पट्टीवरची अक्षरे इंग्रजी आणि बारीक. दुकानदार काय दुखते ते विचारतो, कितवा महिना ते क्वचितच विचारतो. अमेरिकेतला वाद पॅरासिटामॉलचा आहे म्हणून आपणही त्याचाच वाद घालत बसलो, आणि ज्या गोळीची भीती बाळगायला हवी ती मात्र बिनचिठ्ठी विकली जात राहिली.

११/ आता पुन्हा धर्मापुरी. दसरा सरला की बीडच्या गावांमधून लाखो माणसे ऊसतोडीला निघतात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली, ती फिटेपर्यंत फड सुटत नाही, आणि एक दिवस काम बुडाले तर खाड्याचे पैसे कापले जातात. बीड जिल्ह्यात तीन वर्षांत ४,६०५ गर्भाशये काढली गेल्याचे २०१९ मध्ये विधान परिषदेत सांगण्यात आले, तेव्हा महाराष्ट्र हादरला होता. २०२५ मध्ये जिल्हा आरोग्य विभागाच्या पाहणीच्या बातम्या आल्या. त्यांनुसार १,५२३ स्त्रिया गर्भवती असताना ऊस तोडत होत्या. चरकाचे ते तेलाचे पात्र इथे डोक्यावर मोळी घेऊन ट्रकला लावलेली फळी चढते.

१२/ या स्त्रीला ‘सोस’ म्हणून सांगण्याची गरज कोणालाच नाही, ती सोसतेच आहे. तिला ‘बिनधास्त घे’ म्हणणेही क्रूर आहे. ती गोळी घेते ती दुखणे बरे व्हावे म्हणून नव्हे, उद्याचा खाडा पडू नये म्हणून. पाठ का दुखते याचे उत्तर फडात आहे. ‘गर्भारपणात वेदनाशामक सुरक्षित आहे का?’ हा प्रश्न तिच्याबाबतीत विचारायचा असेल, तर आधी ‘गर्भारपणात हे काम सुरक्षित आहे का?’ हे विचारावे लागेल, आणि तो प्रश्न औषधाच्या पट्टीला विचारता येत नाही. कारखाना, मुकादम आणि शासन यांना विचारावा लागतो.

१३/ तो विचारण्याचीही परंपरा आहे, आणि ती अस्सल आहे. १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात कामगार स्त्रियांच्या प्रसूतिलाभाचे विधेयक आले, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याच्या बाजूने भाषण केले. प्रसूतीपूर्वी आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्याच हिताचे आहे आणि त्याचा भार मालकानेही उचलला पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. १९२९ मध्ये तो कायदा झाला. १९६१ मध्ये देशव्यापी कायदा आला. २०१७ मध्ये पगारी रजा सव्वीस आठवड्यांची झाली. मुकादमामार्फत जोडीने नेलेली, कारखान्याच्या हजेरीपटावर जिचे नाव चढत नाही अशी ऊसतोड स्त्री व्यवहारात यातल्या एकाही कायद्याच्या कक्षेत येत नाही. पणज्यांचा दाखला देणाऱ्यांनी पुढच्या हंगामात त्या फळीखाली उभे राहून तो द्यावा.