खोली भाड्याची, घर यजमानाचे

इंदूर येथे ८ ते १० जानेवारी २०२३ या दिवसांत सतरावे प्रवासी भारतीय संमेलन भरले, तेव्हा त्या शहरातील अनेक कुटुंबांनी परदेशस्थ पाहुण्यांना आपल्या घरी उतरवून घेतले. 'पधारो म्हारो घर' असे त्या उपक्रमाचे नाव होते. उद्घाटनाच्या दिवशी सभागृह अपुरे पडले, काही पाहुण्यांना बाहेर राहावे लागले, आणि तत्कालीन मुख्यमंत्री शिवराजसिंह चौहान यांनी व्यासपीठावरून हात जोडून क्षमा मागितली. यजमानाकडून उणीव राहिली तर त्याने क्षमा मागावी, ही आपल्याकडील जुनी रीत आहे आणि ती त्या दिवशी पाळली गेली. परंतु पाहुण्याकडून आगळीक झाली तर यजमानाने काय करावे? याची रीत आपण कधी घालूनच घेतली नाही. घरातील एखादी खोली भाड्याने देणाऱ्या हजारो कुटुंबांपुढे आज नेमका हाच प्रश्न उभा आहे.

इंदुरात तो विशेष तीव्र व्हावा याला कारणे आहेत. मध्य प्रदेश लोकसेवा आयोगाचे मुख्यालय त्या शहरात असल्याने आणि भंवरकुआँ परिसरात शिकवणी वर्गांची दाटी झाल्याने दूरदूरच्या गावांतील मुले-मुली तेथे खोल्या शोधत येतात. ऑक्टोबर २०२२ मध्ये उज्जैनला 'महाकाल लोक' खुला झाल्यापासून तिकडे व ओंकारेश्वरला जाणाऱ्या यात्रेकरूंचा इंदुरातील मुक्काम वाढला आहे. २०२८ साली उज्जैनला सिंहस्थ भरेल, तेव्हा इंदूरच्या घरांनाही पाहुण्यांसाठी दार उघडावे लागेल. राजेंद्रनगर, लोकमान्यनगर यांसारख्या भागांत मराठी कुटुंबांची जुनी वस्ती आहे. मुले नोकरीनिमित्त परगावी गेलेली, घर मोठे, निवृत्तिवेतन तुटपुंजे. अशा घरातील वृद्ध दांपत्याला वरच्या मजल्यावरील दोन खोल्यांचे भाडे हा मोठाच आधार असतो. म्हणूनच त्या भाड्यासोबत येणारा अपमानही पुष्कळदा मुकाट्याने गिळला जातो.

हा अपमान फार मोठ्या गोष्टींतून होतो असे नाही. दोघांसाठी घेतलेल्या खोलीत पाचजण येऊन निजतात. रात्री बारानंतर जिन्यावर आरडाओरडा होतो. पादत्राणांसह कोणी देवघरापर्यंत जातो. गृहिणीला नावाने किंवा नात्याने नव्हे, तर उपाहारगृहातील पोऱ्याला हाक मारावी तशी चहासाठी हाक मारली जाते. २०१७ पासून स्वच्छतेसाठी देशभर नावाजलेल्या त्या शहरात ओला, सुका व इतर कचरा वेगवेगळा करून गाडीत द्यावा लागतो. पाहुणा सारे एकाच पिशवीत कोंबून निघून जातो आणि सकाळी पालिकेच्या माणसापुढे खाली मान घालण्याची पाळी येते ती सत्तरीच्या घरमालकावर. पैसे मोजले म्हणजे घरातील माणसेही विकत मिळाली, असा या साऱ्या वर्तनाचा अर्थ असतो. भाडे घेतले ते खोलीचे. घराचा मान त्या व्यवहारात कधीच नव्हता.

तरीही यजमान बोलत नाही. अतिथीला देव मानण्याची शिकवण त्याच्या आड येते. वस्तुतः ज्याच्या येण्याला तिथी नाही तो अतिथी, अशी त्या शब्दाची फोड पूर्वापार केली जाते. जो तारखा ठरवून, दर विचारून, आगाऊ रक्कम भरून येतो, त्याचे आदरातिथ्य अवश्य करावे. पण त्याला देवाचे आसन देण्याचे कारण नाही. तो एका व्यवहारातील सन्मान्य पक्ष आहे, आणि व्यवहाराला दोन बाजू असतात. तिसऱ्या दिवशीही न हलणाऱ्या पाहुण्याची अक्कल काढणारी म्हण याच समाजाने रचली आहे. भीड ही भिकेची बहीण, असेही तोच समाज सांगत आला आहे. आता जुन्या भिडेला नवे रूप आले आहे. भ्रमणध्वनीवरून खोली ठरविणारा पाहुणा जाताना तारे देऊन जातो, आणि पाचाचे तीन झाले तर पुढचे गिऱ्हाईक तुटेल या धाकाने यजमान तोंड शिवून बसतो.

जगभर हा धंदा करणाऱ्यांनाही मर्यादा घालावी लागली आहे, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. एअरबीएनबी या कंपनीने ऑगस्ट २०२० मध्ये आपल्यामार्फत घेतलेल्या घरांत धिंगाण्याच्या मेजवान्यांना मनाई केली आणि २०२२ मध्ये ती कायम केली. त्याच कंपनीने एप्रिल २०२४ अखेरपासून घरमालकांनाही घराच्या आत कॅमेरे लावण्यास बंदी केली. मर्यादा पाहुण्याला आहे तशी यजमानालाही आहे, हेच यातून दिसते.

आमच्या मते या दुखण्याचा उपाय पहिल्या दिवशीच करावयाचा असतो. पहिल्या दिवशी जो स्पष्ट बोलतो, त्याला तिसऱ्या दिवशी ओरडावे लागत नाही. किती माणसे राहणार, भेटीस येणाऱ्यांनी किती वाजता निघावे, स्वयंपाकघर वापरावयाचे की नाही, कचरा कसा द्यावयाचा, घराचा कोणता भाग खाजगी आहे, हे कागदावर लिहून आगाऊ पैसे घेण्यापूर्वी दाखवावे. एवढे करूनही आगळीक झाली, तर प्रथम एकांतात, आवाज न चढविता सांगावे. पुन्हा घडली तर लेखी कळवावे. तिसऱ्यांदा मात्र उरलेल्या दिवसांचे पैसे परत करून, सामान आवरण्यास वाजवी अवधी देऊन मुक्काम संपवावा. दमदाटी वा हातघाईचा प्रसंग आला तर ११२ क्रमांकावर पोलिसांना बोलावण्यात कमीपणा मानू नये. पण पाणी तोडणे, वीज बंद करणे, ओळखपत्र अडकवून ठेवणे, मुलीचे सामान रात्री रस्त्यावर टाकणे, हे मार्ग सभ्य यजमानाचे नव्हेत आणि कायद्यालाही ते मंजूर नाहीत.

कायद्याची बाजू समजून घेणेही अगत्याचे आहे. १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार अधिनियमाप्रमाणे केवळ वापराची परवानगी असलेला माणूस भाडेकरू ठरत नाही; परवानगी संपल्यावर निघण्यास वाजवी वेळ मिळण्याचा हक्क मात्र त्याला आहे. कागदावर काय नाव दिले यापेक्षा पक्षांचा खरा हेतू आणि जागेचा ताबा कोणाकडे, हे पाहावे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९५९ मध्येच स्पष्ट केले. म्हणून करारात हे नाते स्वच्छ शब्दांत मांडलेले असावे. केंद्राच्या निवास-न्याहारी योजनेत मालकाने त्याच घरात राहणे ही अट आहे आणि खोल्यांची मर्यादा सहा आहे. घर हे हॉटेल नव्हे, हे शासनाने तत्त्वतः मानले आहे. सिंहस्थापूर्वी मध्य प्रदेश शासनाने घरांची केवळ नोंदणी न करता पाहुण्याच्या वर्तनाचा एक सोपा, हिंदी व मराठीतील नमुना-करारही यजमानांच्या हाती द्यावा, असे आम्ही सुचवितो.

मात्र एक सावधगिरी हवी. वेगळेपणा म्हणजे अपमान नव्हे. पाहुण्याची जात, धर्म, आडनाव किंवा ताटातील पदार्थ पाहून नाक मुरडणारा यजमान मर्यादेची भाषा बोलू लागला, तर ती मर्यादा नसून निव्वळ पूर्वग्रह असतो. अभ्यासिकेतून रात्री नऊला परतणारी मुलगी घराचा अवमान करीत नाही. जुन्या वाड्यात कोणी ओटीवर थांबावे आणि कोणी माजघरात यावे, हे पुष्कळदा जातीवरून ठरे. तो त्या घरांचा कलंक होता. आजची मर्यादा माणसाच्या जन्मावरून नव्हे, त्याच्या वागण्यावरूनच ठरली पाहिजे.

इंदूरची ही कथा आम्हां गोमंतकीयांना परकी वाटण्याचे कारण नाही. पर्यटकांना खोल्या देणाऱ्यांची नोंदणी करणारा कायदा आपल्याकडे १९८२ पासून आहे. तरीही परवानगीवाचून लोकांची छायाचित्रे काढू नका, असे पर्यटन खात्याला जानेवारी २०२३ मध्ये पर्यटकांना बजावावे लागले. फोंताइन्हासच्या रहिवाशांना आपल्याच उंबरठ्यावरून अनोळखी माणसांना हटवावे लागते. त्यांचा आणि इंदूरच्या त्या वृद्ध दांपत्याचा सल एकच आहे. पाहुण्याला घर दिसते, पण त्यात राहणारी माणसे दिसत नाहीत.

पाहुणचार ही आपली पुण्याई आहे आणि ती टिकली पाहिजे. परंतु दार उघडण्याचा ज्याला अधिकार आहे, त्याला ते नम्रपणे बंद करण्याचाही अधिकार आहे. हा अधिकार यजमानाने संकोच न बाळगता वापरला, तरच पुढच्या पाहुण्यासाठी ते दार पुन्हा आनंदाने उघडेल.