नाव देणे हे शेवटचे काम

नव्या प्रजातींची ‘नावे ठेवण्याची हौस’ असे हिणवणारे पत्र गेल्या अंकात वाचले. नखाहून लहान सागरी जीवाला नाव देण्यात कसले संशोधन, असा पत्रलेखकांचा सवाल आहे. अहो, नाव तर शेवटी येते! आधी कोळंबी-खेकड्यांच्या या चिमुकल्या भाऊबंदाचे, म्हणजे ॲम्फिपॉडाचे, पाय, जबडे सूक्ष्मदर्शकाखाली एकेक सुटे करायचे, त्यांची रेखाटने काढायची, मग जगभरातल्या जुन्या वर्णनांशी ताडून पाहायचे. शिवाय २००० सालापासून आधारभूत नमुना, बहुतेकदा होलोटाइप, जाहीर केल्याशिवाय नव्या प्रजातीचे नाव ग्राह्यच धरत नाहीत.

हौसेचेच म्हणाल, तर २०१८ साली गुजरातच्या किनाऱ्यावरून नोंदलेला ॲम्फिपॉड ‘इलॅस्मोपस शिवप्रकाशमी’ पाहा. नाव शोधकांचे नाही. भारतीय ॲम्फिपॉडांवर पूर्वी राबलेल्या शिवप्रकाशम यांचे आहे.

आणि आम्हा सुरतकरांना तर अशा जीवांची नोंद हवीच. तापीच्या मुखाशी हजिऱ्याला बंदर आहे, मोठाले कारखाने आहेत. तिथल्या चिखलात आज कोण राहते हे लिहूनच ठेवले नाही, तर उद्या कोण नाहीसे झाले हे कशाच्या आधारे सांगणार? संपादकांनी अशा बातम्या आतल्या पानावर का होईना, छापत राहाव्यात.

— एक वाचक, सुरत